पॉलिमर क्लेचे छोटे प्राणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिमर क्ले म्हणजे नेमकं काय? ही माती आहे का?

नाही. नावात क्ले असली तरी यात माती अजिबात नसते. पीव्हीसीचे अतिशय बारीक कण, त्यांना मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य म्हणजे प्लास्टिसायझर, रंग आणि थोडी भर, एवढाच याचा मसाला. ओव्हनच्या उष्णतेत हे द्रव्य कणांमध्ये शिरतं, कण फुगतात, एकमेकांत मिसळतात आणि सगळं मिळून एकच सलग प्लास्टिक होतं. यात पाणी नाही, त्यामुळे वाळणं नाही आणि आकसणंही जवळजवळ नाही. अर्धी झालेली मांजर आठवडाभर झाकून ठेवली आणि पुन्हा हातात घेतली, तरी ती तशीच मऊ मिळते. हवेत वाळणाऱ्या मातीत ही सोय नसते. छोट्या, नाजूक कामाला ही क्ले मला सगळ्यात जवळची वाटते ती यासाठीच: ती आपल्याला घाई करायला लावत नाही.

ही आली कुठून?

जर्मनीत १९३०च्या दशकात बाहुल्या घडवणाऱ्या केटे क्रूझ यांच्याकडे बाहुल्यांच्या डोक्यांसाठी असा एक पदार्थ आला. त्यांना तो कामाचा वाटला नाही. त्यांची मुलगी सोफी, जिला घरात फिफी म्हणत, ती मात्र त्याच्याशी खेळत राहिली. पुढे तिने तो ‘फिफी मोझाइक’ नावाने विकला, १९६४ मध्ये एबरहार्ड फाबर कंपनीने तो घेतला आणि त्याचं फिमो झालं. अमेरिकेतली स्कल्पीही त्याच दशकात पुढे आली.

कुठली क्ले घ्यावी?

हात कसे आहेत आणि काय करायचं आहे, यावर अवलंबून आहे. फिमो सॉफ्ट आणि स्कल्पी थ्री लवकर मळली जातात, पण स्कल्पी थ्री भाजल्यावर बारीक भागांत ठिसूळ राहते. पातळ कान, लांब शेपूट, बारीक पाय असतील तर ती टाळा. स्कल्पी प्रीमो भाजल्यावर थोडी लवचीक राहते, त्यामुळे प्राण्यांसाठी चांगली. फिमो प्रोफेशनल जरा घट्ट असते, तिच्यात कोरलेली रेघ तशीच टिकते. केटो पॉलिक्ले मळताना मनगटं दुखवते, पण भाजल्यावर फार मजबूत होते. सर्निटला चिनी मातीसारखी हलकी पारदर्शक झाक असते, मात्र हाताच्या उबेने ती पटकन ढिली पडते.

ज्यांचे तळवे कायम गरम असतात त्यांनी घट्ट क्ले घ्यावी. मऊ क्लेत अशा हातांनी केलेलं नाक दोन मिनिटांत पुसट होतं, आणि आपल्याला उगाच वाटतं की आपल्यात कौशल्य कमी आहे.

अवजारं कोणती लागतात?

सुरुवातीला फार कमी. एक गुळगुळीत पांढरी टाइल किंवा काचेचा तुकडा, धारदार पातं, जाडसर सुई, दोन-तीन आकारांची गोल टोकाची डॉटिंग टूल्स, जुना टूथब्रश, अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि ओले वाइप्स. टाइल हवीच, कारण त्याच टाइलवर घडवलेली वस्तू न उचलता थेट ओव्हनमध्ये जाते. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर कच्ची क्ले ठेवू नका, प्लास्टिसायझर पॉलिश खातं आणि डाग कायमचा राहतो.

पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले ओव्हन थर्मामीटरवर करा. सुंदर मुठींची बारा अवजारं नंतर घेता येतील.

क्ले चुरा होतेय किंवा फारच चिकट झालीय. काय करू?

चुरा होत असेल तर ती टाकून देऊ नका. थोडी थोडी घेऊन हाताच्या उबेत दाबत राहा, सुरळी करा, दुमडा, पुन्हा सुरळी करा. तरी जुळत नसेल तर द्रव पॉलिमर क्लेचे एक-दोन थेंब घाला. थेंबच, कारण जास्त झालं तर लगदा होतो. पास्ता मशीन असेल तर जाड पोळ्या काढून दुमडत न्या. दुमडलेली कड आधी आत घाला, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही.

चिकट क्ले लाटून दोन साध्या पांढऱ्या कागदांच्या मध्ये वजनाखाली ठेवा. कागदावर तेलकट डाग दिसू लागतात, तेच जादाचं प्लास्टिसायझर. तासाभराने पाहत राहा, रात्रभर विसरलात तर ती चुऱ्याच्या बाजूला जाते.

नवी, मऊ दिसणारी क्लेसुद्धा मळून घ्यायची. न मळलेली क्ले भाजल्यावर कमजोर राहते.

पहिला प्राणी कोणता करावा?

ज्याचं अंग एका गोळ्यात मावतं आणि ज्याचे पाय वजन पेलत नाहीत, असा. कासव, घुबड, झोपलेलं मांजर, बसलेला ससा. उभा घोडा किंवा हरीण पहिल्याच दिवशी घेतलं तर चार काटक्यांवर भोपळा तोलल्यासारखं होतं, भाजताना पाय वाकतात आणि माणूस कायमचा नाउमेद होतो.

कासवात शिकायलाही खूप असतं. बहुतेक कासवांच्या पाठीवर मोठे खवले तेरा असतात: मधोमध पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार. कडेला छोट्या खवल्यांची वेगळी रांग असते. मनाला येतील तशा चौकटी कोरण्याऐवजी हे तेरा मोजून कोरा. तेच साधं कासव एकदम खरं वाटायला लागतं.

बसलेली मांजर कशी करायची, ते सविस्तर सांगाल का?

साधारण चार सेंटिमीटर उंचीची धरू. मापं ओळखीच्या दाण्यांत सांगते, म्हणजे फूटपट्टी लागत नाही.

फॉइल चुरगाळून सुपारीएवढा घट्ट गोळा करा. टाइलवर लाटण्याने किंवा बाटलीने दाबून फिरवा, पृष्ठभाग गुळगुळीत झाला पाहिजे. त्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीची क्ले चढवा. जोड बोटाने दाबून मिटवताना आतली हवा एका बाजूला सारत बाहेर काढा. आता या गोळ्याला पेरूसारखा आकार द्या, खाली रुंद, वर निमुळता. पाठ सरळ ठेवू नका. बसलेल्या मांजरीची पाठ मानेपासून शेपटीपर्यंत एकच लांब वळण घेते, आणि सगळी मांजर त्या वळणात असते.

मागच्या मांड्यांसाठी हरभऱ्याएवढे दोन गोळे घ्या, थेंबाचा आकार द्या, चपटे करून दोन्ही बाजूंना चिकटवा. वरची कड अंगात मिसळा, खालची तशीच राहू द्या, ती रेघ मांडी वेगळी दाखवते. पुढच्या पायांसाठी दोन बारीक सुरळ्या छातीपासून खाली उभ्या लावा, खाली मुगाएवढे पंजे, त्यावर सुईने दोन-दोन चिरा.

डोक्यासाठी छोट्या बोराएवढा गोळा. मानेत अर्ध्या सेंटिमीटरची तार खोचून त्यावर डोकं बसवा, आणि बसवतानाच ते थोडं एका बाजूला वळवा. समोर नाक करून बसलेली मांजर शोकेसमधल्या खेळण्यासारखी दिसते. मान जराशी वळली की तिला काहीतरी ऐकू आलंय असं वाटतं. नाकाखाली मुगाएवढे दोन गोळे शेजारी शेजारी, त्यांच्या वर मध्यभागी मोहरीएवढं नाक, खाली मसुरीच्या निम्म्याएवढी हनुवटी. हनुवटी विसरली तर चेहरा अर्धवट वाटतो आणि कारण सापडत नाही.

कानांसाठी मसुरीएवढे दोन गोळे चिमटीत त्रिकोणी करा, डॉटिंग टूलने आतून दाबा आणि त्याच टूलने डोक्यावर बसवा. कान डोक्याच्या माथ्यावर नसतात, किंचित बाजूला असतात. शेवटी शेपूट: निमुळती सुरळी मागून आणून पंजांभोवती गुंडाळा, आणि पूर्ण लांबी अंगाला चिकटू द्या.

डोळे राहिले, त्यांचा प्रश्न पुढे वेगळा घेतला आहे.

मी केलेला कुत्रा कुत्र्यासारखा दिसतच नाही. कुठे चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर बहुतेक वेळा तेच असतं: तपशील आधी केला, ठेवण नंतर. केसांच्या रेघा, जिभेचा गुलाबी रंग, गळ्यातला पट्टा सगळं जमलेलं असतं, पण कुत्रा बसलेला नसतो, नुसता ठेवलेला असतो. प्राणी लांबून ओळखू येतो तो त्याच्या ठेवणीवरून. अंधारात भिंतीवर बसलेली मांजर आपण कान-डोळे न दिसताही ओळखतो.

म्हणून कच्ची आकृती दिव्यासमोर धरा आणि फक्त तिची सावली पाहा. सावलीत कुत्रा दिसला तर पुढे जा. नाही दिसला तर कितीही रंग लावा, तो कुत्रा होणार नाही.

दुसरी चूक पायांत असते. कुत्रा, मांजर, घोडा यांच्या मागच्या पायात जे ‘उलटं गुडघं’ दिसतं ते गुडघं नाहीच, ती टाच आहे. हे प्राणी बोटांवर चालतात, घोडा तर नखावर. खरं गुडघं वर पोटाजवळ असतं आणि आपल्यासारखंच पुढे वाकतं. हे एकदा डोक्यात बसलं की मागचा पाय आपोआप इंग्रजी झेड अक्षरासारखा जमतो. हत्तीचं निराळं. त्याचे पाय खांबासारखे सरळ, गुडघं खाली आणि स्पष्ट दिसणारं. कुत्र्याचा पाय हत्तीला लावला तर हत्ती कोसळताना दिसतो.

फोटो एकच पाहू नका. समोरून, बाजूने आणि वरून असे किमान तीन घ्या. सशाचं अंग वरून पाहिलं की तो किती निमुळता आहे हे कळतं, समोरच्या फोटोत तो नुसता गोल वाटतो. आणि घरात, गल्लीत जो प्राणी रोज दिसतो त्याच्यापासून सुरुवात करा. दहा मिनिटं बघत बसलं तर फोटोत न मिळणारं खूप काही मिळतं: कुठला पाय वजन घेतोय, पोट कुठे सैल पडलंय, झोप येताना मान कशी खाली येते.

डोळे कसे करायचे आणि कुठे बसवायचे?

बसवायचे कुठे, हे आधी. नवशिक्यांचे डोळे फार वर जातात. बहुतेक प्राण्यांत ते डोक्याच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास येतात. पिल्लू करायचं असेल तर आणखी खाली आणि एकमेकांपासून लांब. मोठं कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे आणि भरलेले गाल पाहिले की माणसाला जीव लावावासा वाटतो, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं होतं. छोट्या प्राण्यांत ते बोटाच्या पेराएवढ्या जागेत करून पाहता येतं.

शिकारी प्राण्यांचे डोळे समोर असतात, भक्ष्याचे बाजूला. सशाचे डोळे मांजरीसारखे समोर बसवले तर ससा बिथरलेला दिसतो. डोळ्यातल्या बाहुलीचा आकारही बघा: मांजरीची उभी फट, शेळीची आडवी, आणि वाघाची मात्र गोल. वाघ म्हणजे मोठी मांजर असं धरून उभी फट काढलेली मी अनेकदा पाहिली आहे.

करण्याची माझी पद्धत साधी. डॉटिंग टूलने आधी खळगा करायचा. काळ्या क्लेचे दोन गोळे लागतात आणि ते सारखेच व्हायला हवेत, म्हणून एक बारीक सुरळी करून तिचे दोन सारखे तुकडे कापायचे आणि मग गोल करायचे. खळग्यात बसवून अगदी हलकं दाबायचं. वर पापुद्र्याएवढी पातळ पापणी चढवली तर नजर येते, नाही तर डोळे वटारलेले राहतात. भाजून झाल्यावर सुईच्या टोकाने पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा एक ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला, कारण उजेड एकाच दिशेने येतो. काचेचे काळे मणीही चालतात, काच ओव्हनमध्ये सुखरूप राहते. प्लास्टिकचे मणी वितळू शकतात, ते भाजल्यानंतर चिकटवा.

केस, पिसं, खवले कसे दाखवायचे?

कमी करून. चार सेंटिमीटरच्या प्राण्यावर प्रत्येक केस कोरला तर तो नांगरलेल्या शेतासारखा दिसतो. केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेने सुईने आखूड रेघा ओढा, नाकापासून मागे, पाठीवरून खाली, आणि फक्त छाती, गाल, शेपटी अशा ठिकाणी दाट करा. आखूड केसांसाठी टूथब्रश नुसता टेकवला तरी पुरतो.

पिसांसाठी एक स्ट्रॉ घ्या आणि तिचं टोक उभं अर्धं कापा. त्या अर्धगोल टोकाने घुबडाच्या छातीवर खालून वर ओळी टेकवत या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटींवर. पाच मिनिटांत पिसारा उभा राहतो. मिशांसाठी मासेमारीची बारीक नायलॉन दोरी, भाजून झाल्यावर सुईने केलेल्या भोकांत खोचायची.

आत फॉइल किंवा तार घालावीच लागते का?

दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि भरीव आकृतीला नाही. त्याहून मोठ्या धडात फॉइल घालावीच असं मी म्हणेन. क्ले वाचते, वजन कमी होतं, आणि सगळीकडे जाडी सारखी राहिल्याने भाजणं समान होतं. पूर्ण भरीव जाड गोळा बाहेरून भाजतो, आतून कच्चा राहतो आणि तडकतो. तार मानेला, लांब पायांना आणि मोकळ्या शेपटीला. गुळगुळीत तारेवर क्ले सरकते, म्हणून दोन बारीक तारा पिळून घ्या आणि द्रव क्लेचं बोट फिरवा.

बोटांचे ठसे आणि रंगांचे डाग कसे टाळायचे?

ठसे टाळण्यापेक्षा शेवटी पुसणं सोपं. भाजण्याआधी मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला करून हलका फिरवा, ठसे विरघळल्यासारखे जातात. काही जण पातळ हातमोजे घालतात, मला त्यात स्पर्श कळत नाही. भाजल्यानंतर राहिलेले ठसे पाण्याखाली ४००, मग ६००, मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरने जातात. ओलं घासा, कोरडं घासू नका, पीव्हीसीची धूळ नाकात जायला नको.

रंगांचा क्रम पांढऱ्यापासून काळ्याकडे ठेवा. लाल आणि काळा रंग बोटांच्या रेषांत बसतो आणि धुऊनही पुढच्या पांढऱ्या सशावर उतरतो. कपड्यांचा धागाही पांढऱ्या क्लेवर लगेच दिसतो, म्हणून बाह्या दुमडून बसा.

किती तापमानावर आणि किती वेळ भाजायचं?

आधी पाकीट वाचा, प्रत्येक क्लेचं वेगळं असतं. फिमो ११० अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं सांगते. स्कल्पी साधारण १३० अंश सांगते आणि वेळ जाडीवर ठरवते, दर सहा मिलिमीटरला १५ ते ३० मिनिटं. केटोला त्याहून जास्त, १५० अंशांच्या आसपास लागतं. दोन कंपन्यांची क्ले एकाच प्राण्यात वापरली असेल तर कमी तापमान धरा आणि वेळ वाढवा.

आता खरी गोष्ट. ओव्हनच्या बटणावर लिहिलेला आकडा आणि आतलं तापमान यांचा मेळ असेलच असं नाही. माझा पहिला हत्ती दिसायला अगदी पक्का झाला होता. काही महिन्यांनी धूळ पुसताना त्याची सोंड हातात आली, आणि तुटलेली कड खडूसारखी भुरभुरीत होती. थर्मामीटर आत ठेवून पाहिलं तर बटण १३० वर असताना आत ११० सुद्धा होत नव्हतं. हत्ती कच्चा होता. नीट भाजलेली क्ले अशी तुटत नाही. खात्री करायची असेल तर प्रत्येक वेळी प्राण्याशेजारी त्याच क्लेची दोन मिलिमीटरची पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकली पाहिजे. कटकन मोडली तर भाजणं कमी पडलंय, सगळं परत आत ठेवा. पुन्हा भाजल्याने काही बिघडत नाही.

योग्य तापमानावर जास्त वेळ ठेवणं चांगलंच, मी बहुतेक सगळं तासभर ठेवते. जास्त तापमानावर कमी वेळ मात्र कधीच नको, करपतं ते त्यानेच. ओव्हन आधी तापवून घ्या, कारण छोटे ओव्हन तापताना मधेच उसळी मारतात. प्राणी मधल्या खणात ठेवा, ओव्हनच्या तापणाऱ्या तारांपासून लांब, आणि वर फॉइलचा तंबू करा. पांढरे आणि फिके रंग तंबूशिवाय पिवळसर पडतात. टाइलवर एक साधा कागद घाला, नाही तर तळाला चकचकीत डाग येतो.

ओव्हनमधून काढल्यावर प्राणी रबरासारखा मऊ लागेल. घाबरू नका, हात लावू नका. ताकद गार होताना येते. ओव्हन बंद करून आतच गार होऊ दिलात तर तडे कमी जातात.

मायक्रोवेव्हमध्ये, उकळत्या पाण्यात किंवा एअर फ्रायरमध्ये चालेल का?

मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणजे क्ले पूर्ण पकत नाही, वरून कडक वाटली तरी. एअर फ्रायर चालवता येतो, पण जागा लहान, तार जवळ आणि पंख्याचा झोत जोराचा, त्यामुळे फॉइलने झाकून आणि थर्मामीटर ठेवूनच. कन्व्हेक्शन मोडवाला, म्हणजे आत पंख्याने गरम हवा फिरवणारा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असेल तर तो सगळ्यात बरा.

तडे गेले, पांढरे चंद्रकोरी डाग आले, रंग तपकिरी झाला. का?

तडे बहुतेक वेळा जाडीतल्या फरकाने, अचानक गार केल्याने किंवा फॉइलमध्ये अडकलेली हवा फुगल्याने जातात. फॉइल घट्ट दाबणं हाच इलाज. गेलेल्या तड्यात त्याच रंगाची क्ले द्रव क्लेत कालवून भरा आणि पुन्हा भाजा. चंद्रकोरीसारखे डाग पृष्ठभागाखालच्या हवेचे आणि ओलाव्याचे असतात, पारदर्शक क्लेत जास्त. तपकिरी रंग म्हणजे जास्त तापमान. धूर किंवा झोंबरा वास आला तर ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो नाका-डोळ्यांना फार त्रास देतो.

लांब शेपूट आणि कान सारखे मोडतात. उपाय?

मोडल्यावर चिकटवण्यापेक्षा घडवतानाच विचार करा. जपानमध्ये नेत्सुके नावाच्या छोट्या कोरीव वस्तू किमोनोच्या पट्ट्यावर थैली अडकवायला वापरत. त्या दिवसभर कपड्याला घासत, म्हणून कोरणारे कारागीर प्राण्याचं शेपूट अंगाभोवती वळवत, पाय पोटाखाली घेत, कान मागे दाबून ठेवत. बाहेर आलेलं काहीच नाही, तरी उंदीर उंदीरच आणि ससा ससाच. छोट्या आकृत्या करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे फोटो निवांत बघावेत असं मला मनापासून वाटतं. मर्यादेतून ठेवण कशी सुंदर होते हे तिथे दिसतं.

मोडलंच तर भाजलेल्या भागाला सुपरग्लू चालतो. जास्त पक्कं हवं असेल तर दोन्ही बाजूंना बारीक भोक पाडून तार घाला, द्रव क्ले लावा आणि पुन्हा भाजा.

रंग आणि व्हार्निश कोणतं वापरायचं?

अ‍ॅक्रिलिक रंग, भाजल्यानंतर. कच्च्या क्लेवर सॉफ्ट पेस्टलची पूड मऊ ब्रशने लावली तर गाल, कानाच्या आत, पंजांच्या टोकांवर रंग असा उतरतो की कुठे सुरू झाला ते कळत नाही, आणि भाजल्यावर तो पक्का होतो. कोरलेल्या रेघा उठवायला तपकिरी अ‍ॅक्रिलिक पातळ करून फासा आणि लगेच ओल्या कापडाने वरचा पुसून घ्या.

व्हार्निश बहुतेक वेळा लागतच नाही, भाजलेली क्ले स्वतःच टिकाऊ असते. पेस्टल किंवा रंग लावला असेल तर पाण्यावर आधारित, मॅट. नेलपॉलिश आणि बरेचसे स्प्रे व्हार्निश टाळा, ते क्लेशी भिडून काही दिवसांनी चिकचिकीत होतात आणि मग निघत नाहीत. डोळ्यांवर आणि नाकावर मात्र चकाकी हवी, तिथे यूव्ही रेझिनचा, म्हणजे अतिनील दिव्याखाली घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचा, एक थेंब.

मुलांना द्यावी का? स्वयंपाकाचा ओव्हन वापरला तर चालतो का?

बहुतेक पाकिटांवर आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी असं लिहिलेलं असतं. घडवू द्या, भाजणं मोठ्यांनीच करावं. पूर्वी या क्लेत थॅलेट वर्गातले प्लास्टिसायझर असत, आता नावाजलेल्या कंपन्या ते वापरत नाहीत. पाकिटावर तसा उल्लेख नसलेली क्ले मुलांच्या हाती देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, आणि या क्लेचे कप, चमचे, ताटल्या करायच्या नाहीत.

स्वयंपाकाचा ओव्हन वापरत असाल तर झाकण असलेल्या ट्रेमध्ये किंवा फॉइलने पूर्ण बंद करून भाजा. एकाच वेळी खाणं आणि क्ले आत नको. एकदा क्लेसाठी घेतलेली टाइल, पातं, लाटणं, पास्ता मशीन परत स्वयंपाकघरात जाऊ देऊ नका.

उरलेली क्ले कशी ठेवायची?

थंड, सावलीच्या जागी. उन्हातल्या खिडकीत किंवा बंद गाडीत ती हळूहळू पकायला लागते. कागदात गुंडाळू नका, कागद तेल ओढतो. काही कडक, पारदर्शक प्लास्टिकचे डबे प्लास्टिसायझरने वितळून क्लेला चिकटतात. तळाला त्रिकोणात ५ लिहिलेला डबा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, सुरक्षित. सगळे उरलेसुरले रंग एकत्र मळले की एक छान मातकट करडा तयार होतो. त्याचे हत्ती, उंदीर, पाणघोडे फार सुरेख होतात.

तयार प्राणी कसे जपायचे?

धूळ मऊ ब्रशने झाडा. मळले असतील तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब घालून, कोरलेल्या रेघांमध्ये बारीक ब्रश फिरवून धुवा आणि कापडावर उपडे ठेवून वाळवा. कडक उन्हात कायमचे ठेवू नका, काही रंग फिके पडतात. आणि उचलताना कानाला, शेपटीला न धरता धडाला धरून उचला.